अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहीम-जहाजाच्या ब्रिजवर (जहाज चालवतात त्या कक्षात) वॉच (पहाऱ्याची पाळी) कसा चालतो?

अंबाजोगाईकर

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा शिक्षक आहे. माझी भाची थर्ड ऑफिसर असून आजवर तिने मालवाहू जहाजांवरच काम केले आहे. येत्या नोव्हेंबरात मात्र ती अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून एका प्रवासी मोहीम-जहाजावर रुजू होणार आहे, आणि ते जहाज मार्चपर्यंत अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या फेऱ्या करणार आहे. तिच्याखेरीज आमच्या घरात समुद्राशी संबंध आलेले कोणी नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या ताईने, पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि तोही भरलेला तिने एकदाच पाहिला आहे.

भाचीला विचारले तर "मामा, तिथंही वॉचच करायचा असतो, वेगळं काही नाही" एवढे सांगून ती विषय संपवते. ताईचे त्याने समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. फळ्यावर अक्षांश-रेखांश काढण्यात माझी हयात गेली, परंतु 65 अंश दक्षिणेला काचेमागे उभे राहून माणूस चार तास नेमके काय करतो, हे मला सांगता येत नाही.

रडार, उपग्रह आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे असताना डोळे ताणून बघत राहण्याची गरज खरोखर उरली आहे, की ती केवळ जुनी रीत म्हणून चालू आहे? इतक्या दक्षिणेला होकायंत्रावर विसंबता येते का? गल्लीतल्या एका गृहस्थाने ताईला सांगितले आहे की असे जहाज बर्फ फोडत फोडतच पुढे जाते, आणि ते ऐकल्यापासून तिला धड झोप नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी लिहिल्यास मी ते तिला वाचून दाखवीन. धीर देण्यासाठी काही सौम्य करून लिहू नये, जसे आहे तसे लिहावे, ही विनंती.

बालाघाटचा खलाशी

गुरुजी, नमस्कार. मी पाटोदा तालुक्यातला. चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीचे शेवटचे तीन हंगाम त्याच भागात काढले.

बर्फ फोडण्याचे आधी सांगतो, म्हणजे ताईंना आज तरी झोप लागेल. बर्फ फोडणारी जहाजे वेगळी असतात. द्वीपकल्पाकडे जाणाऱ्या बहुतेक मोहीम-जहाजांचा सांगाडा आणि पत्रा बर्फाचा मार सोसेल असा जाड केलेला असतो, पण तो सोसण्यासाठी असतो, धडक देण्यासाठी नव्हे. बर्फ दाट दिसला की कॅप्टन वळसा घालतो, थांबतो किंवा मागे फिरतो. माझ्या तीन हंगामांत ठरलेले ठिकाण ऐनवेळी सोडून दुसरीकडे जाण्याचे प्रसंग इतके आले की पुढे पुढे मी मोजणे सोडून दिले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटल्याचेही मी पाहिले नाही.

आता वॉचविषयी. बहुतेक जहाजांवर थर्ड ऑफिसरला 8 ते 12 हा वॉच मिळतो, सकाळचा एक आणि रात्रीचा एक. ब्रिजवर तिच्यासोबत लुकआउटसाठी, म्हणजे बाहेर नजर ठेवण्यासाठी, एक खलाशी असतो, आणि बर्फाच्या पाण्यात सुकाणू हाताने चालवायचे झाल्यास आणखी एक. बर्फ दाटला की कॅप्टन स्वतः ब्रिजवर येतो. अनेक जहाजांवर त्या पाण्याचा अनुभव असलेला आइस पायलटही असतो. अशा वेळी हुकूम एकाच्याच तोंडून निघतो, सुकाणूवरचा माणूस तो शब्दशः परत म्हणतो, चाक तितके फिरवतो आणि फिरवून झाल्याचे पुन्हा सांगतो. थर्ड ऑफिसर जहाजाची जागा तपासते, खोली वाचून दाखवते, लॉगबुक भरते, रेडिओला उत्तर देते आणि कॅप्टनच्या नजरेतून काही सुटते आहे असे वाटले तर स्पष्टपणे बोलून दाखवते. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, विशेषतः आपल्याकडच्या मुलामुलींना, कारण मोठ्यांना मध्येच टोकायचे नाही हे आपण लहानपणीच त्यांच्या अंगी बाणवतो. आपण शिक्षक आहात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

उशुआया सोडल्यावर ड्रेक सामुद्रधुनीचे साधारण दोन दिवस साध्या सागरी वॉचचेच असतात. जहाज डोलते, कप टेबलावर राहत नाही, आणि बाकी सारे भाचीच्या सवयीचे असते. ते सरत येता येता समुद्राच्या पाण्याचे तापमान थोड्याच अंतरात काही अंशांनी उतरते, बहुधा धुके येते, आणि तिथून ब्रिजचा स्वभाव पालटतो. पहिला हिमनग कोणाला दिसतो यावर आमच्याकडे पैज लागत असे. हौस म्हणून ती ठीक आहे, पण मोठा हिमनग हा ब्रिजवरच्या माणसाचा खरा शत्रू नाही. तो रडारवर लांबूनच दिसतो. भीती असते ती ग्रोलरची. पाण्याच्या वर मीटरभरसुद्धा न डोकावणारा, आकाराने उभ्या टेम्पोएवढा, लाटांनी घासून गुळगुळीत झालेला हा तुकडा अनेकदा काचेसारखा पारदर्शक किंवा काळपट हिरवा असतो. बर्फ मुळातच लोखंडापेक्षा रडारचे तरंग फार कमी परतवतो. त्यात घासलेल्या उतारावरून ते भलतीकडेच जातात, आणि समुद्र जरा खवळलेला असला की लाटांच्या प्रतिध्वनीत ग्रोलर पडद्यावरून पार नाहीसा होतो. बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो हे आपण शिकवलेच असेल. म्हणजे जो तुकडा दिसायला टेम्पोएवढा, त्याच्या खाली असे आणखी कितीतरी टेम्पो असतात. त्यामुळे गुरुजी, डोळ्यांत तेल घालून बघत राहणे ही तिथे जुनी रीत नव्हे. रडार जिथे हात टेकते तिथून पुढचे काम दुर्बिणीने आणि नजरेने करावे लागते.

हिमनगाशेजारून जाताना शक्यतो वाऱ्याच्या वरच्या बाजूने जावे, असा तिकडचा नियम आहे. हिमनगाचा बहुतांश भाग खोल पाण्यात असल्याने तो प्रवाहाबरोबर चालतो, आणि त्याच्यापासून तुटलेले तुकडे वाऱ्याबरोबर वाहत खालच्या बाजूला पसरतात. आपल्याकडे खळ्यावर उफणताना भुसा कोणत्या बाजूला पडणार हे पाहून माणूस उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. तसेच बर्फातून जहाज मागे घेताना सुकाणू मधोमध असलेच पाहिजे, नाहीतर मागचा बर्फ सुकाणूच्या पात्यावर आदळून ते वाकवतो. पहिल्या आठवड्यात हे वाक्य भाचीच्या कानांवर इतक्या वेळा पडेल की ती झोपेतही म्हणेल.

एक गोष्ट मला अजून आठवते. ब्रिजवर डोळ्यांची उंची पाण्यापासून साधारण 20 मीटर धरली, तर क्षितिज सुमारे 17 किलोमीटरवर येते. त्यापलीकडचे दिसत नाही, पण आभाळ ते सांगते. ढगांच्या पोटाशी पांढरट उजाळा दिसला की त्याखाली बर्फ पसरलेला आहे असे समजायचे, आणि त्या उजाळ्यात काळसर पट्टा दिसला की तिथे मोकळे पाणी आहे. माझे आजोबा मृगाच्या आधी अंगणात उभे राहून तासन्‌तास आभाळाकडे बघत, तेव्हा आम्ही मुले त्यांना हसत असू. पुढे 64 अंशांवर मी पगार घेऊन तेच करत होतो.

आभाळ फसवतेही, हेही सांगायला हवे. मे महिन्यात आपल्या डांबरी रस्त्यावर दिसणारे मृगजळ जमीन तापल्यामुळे होते, म्हणून आभाळाचे प्रतिबिंब खाली रस्त्यावर दिसते. तिथे उलटे असते. खालची हवा गार आणि वरची उबदार असल्याने क्षितिजापलीकडचा हिमनग वर उचललेला, कधी उलटा टांगलेला, कधी कड्यासारखा ताणलेला दिसतो. शिवाय हवेत धूळ नसते आणि अंतर जोखायला झाड, घर, माणूस यांपैकी काहीच नसते, त्यामुळे दूरची वस्तू हमखास जवळ वाटते. म्हणून दिसले ते आधी रडारवर पडताळायचे, आणि रडारवर आले ते नजरेने.

प्रवाशांना किनाऱ्यावर नेले जाते तेव्हा ब्रिज मोकळा असतो असा एक समज आहे. एका वेळी किनाऱ्यावर 100 पेक्षा जास्त प्रवासी उतरवत नाहीत, त्यामुळे रबरी होड्यांच्या फेऱ्या कित्येक तास चालतात. तेवढा वेळ जहाज पुष्कळदा नांगर न टाकता इंजिन तयार ठेवून तरंगत असते. वारा फिरला की मोकळी खाडी तुकड्यांनी भरून येते, एखादा हिमनग सावकाश जहाजाकडे सरकू लागतो, आणि होड्या परत बोलावण्याची वेळ कोणती हे ब्रिजला आधीच ताडावे लागते. त्यातच अनेक जहाजांवर प्रवाशांना ब्रिजवर येण्याची मुभा असते. कोणी व्हेल कुठे आहे विचारतो, कोणाला छायाचित्र हवे असते. समोरून नजर न काढता सौजन्याने उत्तर देणे ही मालवाहू जहाजावर कोणी न शिकवलेली विद्या भाचीला तिथे शिकावी लागेल.

गोदाकाठ, नांदेड

वरील उत्तर वाचून राहवले नाही. मी दर्यावर्दी नाही. भारतीय मोहिमेबरोबर डिझेल जनरेटरच्या देखभालीसाठी एका उन्हाळी हंगामात अंटार्क्टिकावरील भारताच्या मैत्री केंद्रावर गेलो होतो. आपली पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरात 'पोलर सर्कल' या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली, हे गुरुजींना ठाऊक असेलच. आम्हीही परदेशी जहाजानेच गेलो, मात्र केपटाऊनहून, आणि ब्रिजवरचे अधिकारी रशियन होते.

मैत्रीची बाजू द्वीपकल्पापेक्षा निराळी आहे. केंद्र हिमपट्टीच्या (किनाऱ्याला जोडलेल्या जाड बर्फाच्या थराच्या) कडेपासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे, आणि त्या कडेपर्यंत पोहोचण्याआधी जहाजाला तरंगत्या बर्फाचा रुंद पट्टा ओलांडावा लागतो. आम्ही त्या पट्ट्यात दिवसचे दिवस थांबून होतो. सूर्य मावळत नव्हता, ब्रिजवर कोणी आवाज चढवून बोलत नव्हते, आणि कॅप्टन चहाचा पेला हातात धरून एकाच दिशेला बघत उभा असे. मी शेतकऱ्याचा मुलगा असल्याने मला ते ओळखीचे वाटले. पेरणी झाली आहे आणि पाऊस ओढ देतो आहे, अशा वेळी माझे वडील बांधावर असेच उभे राहत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हेलिकॉप्टर पुढे पाठवून बर्फातली फट शोधली गेली, वारा फिरल्यावर ती रुंदावली, आणि मग जहाज इतक्या हळू निघाले की निघाल्याचे आम्हाला बराच वेळ कळलेच नाही.

होकायंत्राविषयी ब्रिजवरच मी ऐकले होते की तिथे चुंबकीय सुई निरुपयोगी होते. त्यामुळे गुरुजींची शंका रास्त आहे.

बालाघाटचा खलाशी

गोदाकाठ, आपले वर्णन फार आवडले. सुईबद्दल मात्र थोडी दुरुस्ती करतो. दक्षिण चुंबकीय ध्रुव हा भौगोलिक ध्रुवावर नसून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडे, अ‍ॅडेली किनाऱ्यासमोरच्या समुद्रात आहे. त्याच्या आसपास सुई मंदावते आणि भरकटते. द्वीपकल्प तिथून फार दूर असल्याने तिकडे ती कामापुरती चालते, अर्थात नकाशावर दिलेला फरक धरून.

जायरो होकायंत्राचे गणित वेगळे आहे. पृथ्वीच्या फिरण्यावर ते चालते आणि त्याला दिशा धरून ठेवणारी ताकद अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. 60 अंशांवर ती विषुववृत्ताच्या निम्मी उरते आणि 75 अंशांवर जेमतेम चौथा हिस्सा. भाची ज्या पाण्यात जाणार आहे तिथे जायरो नीट चालतो. त्याहून पुढे जाणारी जहाजे उपग्रहावर चालणारे होकायंत्र सोबत ठेवतात.

द्वीपकल्पात होकायंत्रापेक्षा नकाशाचीच काळजी अधिक वाटावी. इलेक्ट्रॉनिक नकाशाचा पडदा कितीही सुबक दिसला तरी तिथले कित्येक खोलीचे आकडे फार जुन्या मोजणीतले आहेत, आणि काही भागांत दोन आकड्यांच्या मधल्या पाण्यात काय आहे ते कोणी पाहिलेलेच नाही. डिसेप्शन बेट हा बुडालेला ज्वालामुखी आहे. त्याच्या आत शिरायची वाट अरुंद, आणि त्या वाटेच्या मधोमध पाण्याखाली अवघ्या 2.5 मीटरवर राव्हन नावाचा खडक. तो नकाशावर आहे म्हणून कॅप्टन एका कड्याला लगटून सुखरूप आत जातो. जे खडक नकाशावर नाहीत त्यांच्यासाठी वेग कमी ठेवण्यापलीकडे उपाय नाही.

अंबाजोगाईकर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. रात्री ताईला सर्व वाचून दाखवले. मृगजळाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. परंतु शेजारच्या मुलाने तिला 2007 साली तिकडे बुडालेल्या एका प्रवासी जहाजाविषयी सांगितले आहे. सौम्य करून लिहू नये असे मीच म्हटले होते, तेव्हा त्याविषयीही लिहावे.

बालाघाटचा खलाशी

ते जहाज 'एक्सप्लोरर'. 1969 साली अशा प्रवासांसाठीच बांधलेले, म्हणजे या धंद्याचे एक प्रकारे मूळपुरुषच. 23 नोव्हेंबर 2007 रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ ते रात्री बर्फात शिरले, सांगाड्याला इजा झाली आणि त्याच दिवशी ते बुडाले. जहाजावरच्या सर्व 154 माणसांना 'नॉर्डनॉर्गे' या नॉर्वेजियन जहाजाने होड्यांमधून उचलून घेतले. एकही जीव गेला नाही. समोरचा बर्फ किती जुना आणि किती टणक आहे याचा ब्रिजवर झालेला अंदाज चुकला, हे चौकशीत पुढे आले. एका हिवाळ्यात गोठलेला बर्फ आणि अनेक वर्षे मुरलेला बर्फ यांत कच्च्या विटेचा आणि काळ्या दगडाचा फरक असतो, आणि रात्री सर्चलाइटच्या उजेडात दोन्ही पांढरेच दिसतात.

त्या भागात आमच्या वेळी जे काही काटेकोर केले जाई, त्यात त्या रात्रीचा वाटा मोठा होता. 2017 च्या 1 जानेवारीपासून ध्रुवीय पाण्यासाठी पोलर कोड हा आंतरराष्ट्रीय नियमसंच लागू आहे. जहाजाची बांधणी, जीवरक्षक साधने, प्रवासाची आखणी आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हे सारे त्यात येते.

ताईंनी विचारलेले नाही, तरी एक सांगतो. डिसेंबरात तिथे रात्र जवळपास नसतेच, त्यामुळे रात्रीचा वॉचही उजेडात होतो आणि झोप मात्र बिघडते; केबिनच्या खिडकीला जाड पडदा हवा. फेब्रुवारी-मार्चकडे अंधार परततो, आणि माझ्या मते कामाचा खरा कस तेव्हा लागतो. त्या दिवसांत बाहेरचे दिवे कमीत कमी ठेवतात आणि प्रवाशांना पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण उजेडाला भुलून समुद्रपक्षी जहाजावर येऊन आदळतात. सकाळी डेकवर एखादे पेट्रेल भांबावून बसलेले सापडले, तर ते उचलून वाऱ्यावर सोडणे हेही वॉचच्या माणसांच्याच वाट्याला येते.

लातूरची सेकंड ऑफिसर

मी सध्या सुट्टीवर घरी आहे आणि ध्रुवीय जहाजावर एक हंगाम केला आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते.

भाचीताईंना ध्रुवीय पाण्यातील जहाजांसाठीचे मूलभूत प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र लागेल. वॉच सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ते पुरते, प्रगत प्रशिक्षण कॅप्टन आणि चीफ ऑफिसरसाठी असते. मालवाहू जहाजावरून प्रवासी जहाजावर जाताना गर्दी हाताळण्याचे वेगळे प्रशिक्षणही घ्यावे लागते. बहुधा कंपनीने हे आधीच सांगितले असेल, पण प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेतच असाव्यात. माझी मोठी बॅग एका विमानतळावर मागे राहिली आणि मी तीन दिवस उसन्या जॅकेटवर वॉच केला, यावरून सांगते.

ब्रिज आतून उबदार असतो. थंडी लागते ती बाजूच्या उघड्या विंगवर जाऊन बघताना. तिथे दर वेळी दोनच मिनिटे जावे लागते, आणि त्या दोन मिनिटांसाठी सारे अंगावर चढवायचा कंटाळा येतो. तो करू नये. दुसरे असे की चकाकणाऱ्या बर्फाकडे सतत बघून डोळे फार थकतात, म्हणून चांगला काळा चष्मा स्वतःचा असावा.

बाई म्हणून काही वेगळे वाटते का, हे कोणी विचारलेले नाही, तरी काकूंच्या, म्हणजे भाचीताईंच्या आईंच्या, मनात असणारच. त्या जहाजावर आम्ही तिघी अधिकारी होतो. मालवाहू जहाजावर मी अनेकदा एकटीच असे, त्या मानाने मला तिथे अधिक मोकळे वाटले. थकवा मात्र खरा आहे. नियमाने 24 तासांत किमान 10 तासांची विश्रांती मिळायलाच हवी आणि त्याची नोंदही ठेवावी लागते, परंतु पडद्यामागे लख्ख ऊन आहे हे माहीत असताना झोपणे ही सवयीची बाब आहे.

अंबाजोगाईकर

काकूंच्या मनातले आपण अचूक ओळखलेत, लेकी. आता तिचा एकच प्रश्न उरला आहे, आणि तो तिने माझ्याकडून लिहून घेतला आहे: फोन कधी करायचा?

लातूरची सेकंड ऑफिसर

काका, आता बहुतेक जहाजांवर उपग्रहावरून इंटरनेट असते, त्यामुळे संदेश पोहोचतात. डोंगरांच्या मधल्या अरुंद खाड्यांत ते तुटते, तेव्हा दिवसभर काही आले नाही तरी घाबरू नये. उशुआयाहून निघणारी जहाजे सहसा अर्जेंटिनाचीच वेळ पाळतात आणि ती आपल्यापेक्षा साडेआठ तासांनी मागे आहे. म्हणजे 8 ते 12 चा वॉच धरला, तर भाचीताई सकाळी ब्रिजवर चढतील तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतील, आणि उतरतील तेव्हा रात्रीचे साडेआठ. त्यांना जेवायला अर्धा तास द्यावा आणि काकूंनी 9 नंतर फोन लावावा. पहाटे साडेचार ते सकाळी साडेआठ या वेळेत अजिबात लावू नये. तेव्हा तिकडे त्यांचा रात्रीचा वॉच चालू असेल.